दाईअम्माची तहान

जिल्ह्याच्या दवाखान्यात मला बाळंतपणाचं काम शिकवलं. बाई अडली तर काय करायचं, मूल रडलं नाही तर काय करायचं, नाळ कुठं बांधायची, बाळाचे डोळे कशानं पुसायचे, सगळं. म्हाताऱ्या माणसांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. आमच्या शिक्षणात म्हातारं माणूस नव्हतंच. नवं राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल, धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका खेड्यात माझी नेमणूक झाली. पहिल्याच सकाळी उपकेंद्राचं दार उघडलं तर ओट्यावर ओळीनं म्हातारेच बसलेले. मला वाटलं, आपण चुकून भलत्याच गावात उतरलो.

एकाचे गुडघे, एकाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, एकीला थांबायचं नाव न घेणारा खोकला. एक आजोबा तर काही होत नसताना सोबतीला म्हणून येऊन बसले होते. मी सांगून टाकलं, "मी बाळंतपणाची नर्स आहे, आजोबा. बाळंतपणं करते."

"व्हय, ठावं हाय की," गुडघेवाले म्हणाले, आणि त्यांनी गुडघा माझ्यापुढं केला.

माझ्या पेटीत कात्री, दोरा, कापूस आणि टिंक्चरची बाटली. त्या गुडघ्याला मी काय लावणार? घरातलं तीळतेल कोमट करून चोळलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर आणखी चार गुडघे आले. गावातली तरणी माणसं बार्शीच्या, सोलापूरच्या गिरण्यांत गेलेली. मागं राहिले ते म्हातारे, बायका आणि पोरं. त्यातल्या बायकांचं आणि पोरांचं मी बघायचं होतं. म्हाताऱ्यांचं कुणी बघायचं, हे मी महिन्याकाठी तपासणीला येणाऱ्या आमच्या मोठ्या बाईंना विचारलं.

"ते आपलं काम नाही," त्या म्हणाल्या. "गुडघे डॉक्टरांकडं."

"पण डॉक्टर तर नेमलेलेच नाहीत इकडं."

"म्हणून ते आपलं काम होतं का?" असं म्हणून त्यांनी चहा संपवला आणि त्या गेल्या.

बाईंचं बोलणं मला पटलं. गावाचं म्हणणं असं, की सरकारनं माणूस धाडलंय तर ते सगळ्यांचंच असणार. तेही पटलं. दोघांचंही पटतं म्हटल्यावर माणसानं करायचं काय? मी तेल कोमट करत राहिले आणि मोठ्या बाईंची जीप दिसली की तेलाची वाटी चुलीमागं सारत राहिले.

माझी आई कळंबला एकटी होती. वडील लवकर गेले, मी एकुलती एक, आणि माझं लग्न मोडलेलं. ती गोष्ट इथं सांगत बसत नाही. त्या मोडक्या लग्नामुळंच मला शिकायला धाडलं आणि नर्सचं पांढरं पातळ अंगावर आलं. आईला मी माझ्याकडं ये म्हणून किती विनवलं. ती म्हणायची, लेकीच्या घरी जाऊन राहायचं आणि लेकीच्या कमाईचं खायचं, असलं आपल्यात नसतं. वर म्हणायची, मला काय धाड भरलीय? सणावाराला मी एसटीनं जायची, तर घर सारवलेलं, आई दारात उभी. मग मी निर्धास्त परत यायची.

त्या गावात नर्स म्हणून जाताना मला भीती होती ती तिथल्या दाईची. मशिदीमागं एका खोलीत राहणारी म्हातारी, नवरा कधीच वारलेला, मुलगा हैद्राबादला शिंपीकाम करायचा. सगळं गाव तिला दाईअम्मा म्हणायचं. पाटलापासून महारवाड्यापर्यंत सगळ्यांच्या घरातली बाळंतपणं तिनं केलेली. मला वाटलं होतं, ही बाई मला गावात पाय रोवू द्यायची नाही. मी भांडायच्या तयारीनंच तिच्या घरी गेले. ती बाजेवर बसून लसूण सोलत होती. मला बघून म्हणाली, "आली का, बेटी? लई वाट पाहिली तुझी. माझे हात कापतेत आता."

भांडण मनातल्या मनातच राहिलं. त्यानंतर कुठंही बाळंतपण असलं की काम मी करायची आणि दाईअम्मा बाईच्या उशाशी बसून तिचा हात धरून, "जोर कर माझी माय, जोर कर" म्हणायची. बायका माझं तोंड बघून घाबरायच्या आणि तिचं ऐकून कळा द्यायच्या. आमचं बरं चाललं होतं.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा दाईअम्मा आडावर घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्यानं कांबी बांधल्या. पुढं तालुक्याहून डॉक्टर आले त्यांनी सांगितलं, ह्या वयात हे हाड जुळत नाही, पडून राहायचं. मुलगा हैद्राबादहून आला, रडला, आईला घेऊन जातो म्हणाला. ती म्हणाली, "तुझा बाप इथल्या कब्रस्तानात हाय. त्याच्या बाजूची जागा मी धरून ठेवलीय. मी कुठं येत न्हाय." तो बिचारा चार दिवस राहिला आणि कामावर परत गेला. न जाऊन सांगतो कुणाला?

मग गाव चावडीवर बसलं. आणि गावानं दाईअम्माला वार लावून दिले.

आमच्याकडं पूर्वी गरिबाघरचा मुलगा शिकायला दुसऱ्या गावी राहिला की वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात वार सात घरं. सरपंच स्वतः कळंबला असेच वार लावून शिकलेले. त्यांनीच ही कल्पना काढली आणि सगळ्यांना ती फार आवडली. सात घरं लगेच पुढं आली, आठवं घर रुसलं. म्हातारीनं उठून कुणाच्या घरी जायचं नव्हतं, भाकरीच तिच्याकडं जाणार होती. सरपंच मला म्हणाले, "बघा बाई, आमचं गाव कसं हाय. म्हातारीला एक दिस उपाशी ठिवणार न्हाय." मलाही भरून आलं. खरंच आलं.

नंतर मी बघायला गेले तर टोपल्यात भाकरी तशाच. माठ काठोकाठ भरलेला. दाईअम्माचे ओठ फुटलेले, जीभ कोरडी.

"पाणी का पीत नाही?" मी म्हटलं.

"प्यास नै, बेटी."

मी हात लावून बघितला, ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी गोंधळून गेले. शिकवलेलं सगळं मनात उलटसुलट करून पाहिलं, असला कुठला आजार सापडेना. शेवटी तिची कूस बदलायला हात घातला तेव्हा कळलं. अंगाखालची गोधडी ओली होती, पाठीला लाल चट्टे उठले होते. जिच्या घरचा वार असेल ती सून उंबऱ्यात भाकरी ठेवायची, "अम्मा, ठिवली बरं का" म्हणायची आणि जायची. म्हातारीला उठवायचं, भांडं द्यायचं, पुसायचं, हे कुणाच्याच वारात नव्हतं. पाणी पिलं तर पुढचं सगळं आलं. म्हणून ती पीतच नव्हती.

मला इतका राग आला की तशीच चावडीवर गेले. म्हटलं, "भाकरीचे वार नकोत, हातांचे वार लावा. रोज एका घरातल्या बाईनं येऊन तिचं अंग पुसायचं."

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. त्यांच्या तोंडावर खरोखरचा गोंधळ होता, लबाडी नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. सरपंच म्हणाले, "बाई, अंग पुसायचा वार असतोय व्हय कुठं? ते तर घरच्यानं करायचं."

"आणि घरचं कुणी नसलं तर?"

"मग..." म्हणून ते थांबले, आणि माझ्याकडं बघून एकदम हलकं झाल्यासारखे म्हणाले, "तुमी हाव की! त्याच्यासाठीच तर सरकारनं धाडलंय."

मी बायकांकडं गेले. तिथं मला आणखीच चक्रावून जायची वेळ आली. एक सून म्हणाली, "माझी नाळ कापणारी म्हातारी तिकडं माज्या माहेरी हाय, बाई. तिचं कोण करतंय कुणाला ठाव." दुसरी म्हणाली, "माझं पहिलं बाळतपण माहेरी झालं. हितल्या दाईला मी हात लावून दिला न्हाय." तिसरीची तर सासूच अंथरुणाला खिळलेली होती. तिनं नुसता आपला हात मला दाखवला, कपडे धुऊन धुऊन कातडी गेलेला. मी तिथूनच माघारी वळले.

परत येताना माझ्या डोक्यात उजेड पडला तो असा. दाईअम्मानं जन्माला आणलेल्या गावातलं अर्धं म्हणजे पुरुष, ते बाईमाणसाचं अंग कसं पुसणार? आणि उरलेल्या अर्ध्या मुली. त्या मुली लग्न होऊन कळंब, भूम, बार्शी, कुठं कुठं पांगलेल्या. आता गावात नांदतात त्या सगळ्या दुसऱ्या गावांच्या लेकी. म्हणजे जिनं आयुष्यभर गावाला माणसं दिली, तिच्या वाट्याला आलेले हात सगळे बाहेरगावी. कुणाला दोष द्यावा तेच कळेना. दोष द्यायला कुणी सापडलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग ते काम मीच करायला लागले. सकाळी आधी दाईअम्मा, मग ओट्यावरचे गुडघे, मग गरोदर बायका. मोठ्या बाईंना कळलं तेव्हा त्या तशा चिडल्या नाहीत, पण म्हणाल्या, "तू तिच्यापाशी असताना एखादी बाई अडली तर?" तसं एकदा झालंही. मी दाईअम्माला पुसत होते आणि वरच्या आळीतून हाक आली. दाईअम्मा अर्धी उघडी, गोधडी ओली. मी एक पाय आत, एक पाय बाहेर अशी उभी राहिले. दाईअम्माच ओरडली, "जा! पळ!" मी पळाले. मूल सुखरूप झालं, पेढे वाटले, आणि मला त्या पेढ्याची चव लागली नाही. दुपारी परत गेले तर ती ज्या कुशीवर सोडली त्याच कुशीवर होती.

एवढं करूनही ती पाणी पीत नव्हती. मी समोर बसले की एक घोट घ्यायची, माझ्या समाधानापुरता. आता काय कारण होतं? भांडं द्यायला मी होते, पुसायला मी होते. एकदा केस विंचरताना तिनं विचारलं, "बेटी, तुझ्या अम्माला कोण बघतंय?"

"शेजारी आहेत की," मी म्हटलं.

तिनं मान फिरवली. त्या दिवशी तो एक घोटही तिनं घेतला नाही. "प्यास नै." मी चिडले. म्हटलं, "अम्मा, तुम्ही माझं नाव घालवणार. नर्स असून म्हातारी पाण्यावाचून गेली म्हणतील." ती हसली, पण पाणी काही घेतलं नाही. मला वाटलं, रुसली असेल. पण कशावर? मी आपली विचार करकरून थकले.

मग पंचमी आली. आमच्याकडं नागपंचमीला लेकी माहेरी येतात, दिवाळीला एखादी चुकेल पण पंचमीला नाही. गावात बैलगाड्यांवर बैलगाड्या. झाडाझाडाला झोके, दारोदारी मेंदी. आणि त्या सगळ्या जणी गाडीतून उतरून घरात पाणी पिऊन तडक मशिदीमागं पळाल्या. "अम्मा पडली? आमाला कुणी सांगितलं कसं न्हाय?" त्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. एक पाठ पुसतेय, एक पाय चोळतेय, एक गोधड्या घेऊन ओढ्यावर निघालीय. न्हाऊ कुणी घालायचं ह्यावरून दोघींचं चांगलंच भांडण जुंपलं. आदल्या आठवड्यात मला दोन हात मिळत नव्हते, आणि आता मलाच कुणी आत येऊ देईना. मी दारात उभी राहून बघत होते. हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, कळत नव्हतं. दाईअम्माच्या दोन्ही तळव्यांवर पोरींनी मेंदी काढली. ती नव्या नवरीसारखी हात पसरून पडली होती.

त्यातली एक माझ्याकडं सारखी बघत होती. शेवटी म्हणाली, "मला वळखलं न्हाय का? मी तुमच्या कळंबातली. तुमच्या आईच्या समोरच्या घरी दिलीय मला."

मग मला आठवलं. समोरच्या घरची सून, डोक्यावरून पदर घेऊन लगबगीनं जाणारी. मी तिचा चेहरा कधी नीट बघितलाच नव्हता. मी सहज विचारलं, "आई बरी आहे ना?"

 ती दाईअम्माच्या केसांत फणी घालत खाली बघून म्हणाली, "आईंना आता दिसत न्हाय वो. चुलीत हात गेला हुता त्यांचा. म्या रोज जाते. पाणी काढून देते, डोई धुते, भाकरी टाकते. तुमी यायच्या आधी घर सारवून मीच त्यांना दारात उभं करते. तुमाला सांगायचं न्हाय म्हणून शपथ घातलीय त्यांनी. लेक नोकरी सोडून यील म्हणत्यात."

मी भिंतीला टेकले. सणावाराला दारात उभी असलेली आई डोळ्यांपुढं आली. ती माझ्याकडं बघून हसायची. ती माझ्या पावलांच्या आवाजाकडं हसत होती. मला रडू आलं आणि मी सगळ्यांदेखत रडले. पोरी गोंधळून इकडंतिकडं बघायला लागल्या.

दाईअम्मा बाजेवरून सगळं ऐकत होती. तिनं मेंदीचा हात उचलून त्या पोरीच्या गालाला लावला. गालावर हिरवा ठसा उमटला. "पायाळू आली हुती ही," ती म्हणाली. "लई तरास दिला हिनं. ह्याच हातानं बाहेर काढली." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पानी दे, बेटी."

मी तांब्या भरून आणला. ती घटाघटा प्यायली. हनुवटीवरून ओघळलं तरी थांबली नाही. तांब्या रिकामा करून म्हणाली, "तुझ्या अम्माचे हात मी घेऊन बसले हुते, तिच्या वाट्याचं पानी माझ्या गळ्याखाली कसं उतरावं? आता उतरलं बघ. माझी पोरगी तिला पाजतीय."

पंचमी सरली, गाड्या आल्या तशा गेल्या, खोली परत रिकामी झाली. पण दाईअम्मा पाणी प्यायला लागली ती शेवटपर्यंत. थंडीत गेली. नवऱ्याच्या शेजारची जागा तिला मिळाली.

पंचमीनंतर लगेच मी कळंबला जाऊन आईशी भांडले, तिच्या पायाही पडले. ती काही यायला तयार झाली नाही. म्हणाली, "ती समोरची करते की. तू तिच्या गावच्या म्हातारीचं कर." मी एसटीत बसल्यावर विचार करत राहिले. कळंबची लेक तिकडं, तिकडची लेक कळंबला, आणि दोघी एकमेकींच्या म्हाताऱ्या सांभाळतायत. मग आम्ही दोघी आपापल्या गावीच राहिलो असतो तर काय बिघडलं असतं? मला उत्तर सापडलं नाही. पुढं इतकी वर्षं नोकरी केली, कितीतरी गावं फिरले, अजून सापडलेलं नाही. दाईअम्माला ते कोडं सुटलं होतं की काय, तिलाच ठाऊक. मला तिच्यासारखं पटकन पाणी उतरत नाही.

आता मी धाराशिवला असते. गुडघे गेले, तेही मी आयुष्यभर दुसऱ्यांचे चोळले म्हणून की काय, दोन्ही मिळून गेले आणि मी अंथरुणाला लागले. माझं करायला अणदूरची एक पोरगी राहते. नर्सिंगचं शिकलीय, हाताला मऊ आहे, कूस बदलताना कळतही नाही. परवा ती माझे केस विंचरत होती. उशाशी तिनं पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या आईला कोण बघतं गं?"

"शेजारी हायेत की," ती म्हणाली.

उचललेला तांब्या मी परत खाली ठेवला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आजी, पाणी पिलं न्हाय तुमी?"

"तहान नाही," मी म्हटलं.